आरोपी बदलणारे गद्य

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या निबंधाची चर्चा बहुधा त्यातील उपरोधापाशी थांबते. त्याची घडण मात्र अभियोगाची आहे. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी फर्मावली गेली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली. मूल कोणी मारले, एवढेच कायद्याने विचारले. ताराबाई पुरुषांनाच थेट संबोधून विचारतात, की तिला फसवून नामानिराळा राहिलेला कुठे आहे? तिचा पुनर्विवाह कोणी नाकारला? येथे आरोपीच बदलतो.

रवांडाविषयक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात अकायेसूवरील मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हता. स्त्रिया साक्षीत बोलल्या, तेव्हा १९९७ मध्ये तो आला. १९९८ च्या निकालाने त्याला वंशसंहाराचे कृत्य मानले. त्याच वर्षीच्या रोम संविधीने लादलेले गर्भारपण व सक्तीचे निर्बीजीकरण मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत घातले. अट अशी : नागरी लोकसंख्येवर व्यापक वा पद्धतशीर हल्ला हवा. सक्तीचे वैधव्य व्यापक होते, पद्धतशीरही (शास्त्राधारासकट!), पण रूढीला 'हल्ला' म्हणायला ही परिभाषा कचरते. ताराबाई कचरत नाहीत.

विजयालक्ष्मीची स्वतःची साक्ष मात्र त्यांच्याही निबंधात नाही.