सहनिर्देशकांचे रूपांतर आणि अचूकतेचा आभास : 'सीएस-टू-सीएस' या साधनाची चिकित्सा

स्थानाचे वर्णन अंकांनी केले म्हणजे ते निःसंदिग्ध झाले, असा समज भूगोलाच्या अभ्यासकांतही आढळतो. वस्तुतः अक्षांश व रेखांश ही पृथ्वीच्या कोणत्या तरी मानीव आकारावर आधारलेली विधाने होत. तो आकार बदलला की तोच बिंदू निराळे अंक धारण करतो. या भिन्न पद्धतींमध्ये दुवा साधणारे 'सीएस-टू-सीएस' हे आज्ञापंक्तीवरून चालणारे साधन आज संशोधनात सर्वत्र रूढ आहे. त्याच्या गुणांची वाखाणणी पुष्कळ होते. त्याच्या मौनाची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

हे साधन ज्या 'प्रोज' संग्रहाचा भाग आहे, त्याचा पाया अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत जेराल्ड एव्हेन्डेन यांनी घातला. मूळ आज्ञावली केवळ नकाशा-प्रक्षेपणाचे गणित करीत असे. एका संदर्भतलावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या 'सीएस-टू-सीएस'ची भर पुढे फ्रँक वॉर्मरडॅम यांनी घातली. मूळ पद्धतीचा व इष्ट पद्धतीचा संकेतांक लिहावा, अंकांची जोडी द्यावी, की उत्तर तत्काळ मिळते. पिंपरी-चिंचवडमधील पिंपळे सौदागर येथील १८.६ उत्तर अक्षांश व ७३.८ पूर्व रेखांश हा बिंदू घेऊन 'ईपीएसजी ४३२६' वरून 'ईपीएसजी ३२६४३' कडे रूपांतर केले, तर पूर्वांतर सुमारे ३,७३,४०० मीटर व उत्तरांतर सुमारे २०,५७,००० मीटर येते. हा त्रेचाळिसावा पट्टा असून त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंशांवर आहे. येथे दोन्ही बाजूंचा संदर्भतल एकच, म्हणजे 'डब्ल्यूजीएस ८४', असल्यामुळे हे निव्वळ गणित आहे आणि त्यात साधन निर्दोष ठरते.

खरी कसोटी जुन्या नकाशांपाशी लागते. पिंपळे सौदागर ज्यात येते तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ एफ/१४ हा स्थलदर्शक नकाशा पूर्वी एव्हरेस्ट विवृत्ताभ व कल्याणपूर येथील मूळ बिंदू यांच्या आधारे काढला जाई. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेतील नकाशे 'डब्ल्यूजीएस ८४' वर आले. या दोहोंमधील अंतरासाठी सामान्यतः २९५, ७३६ व २५७ मीटर ही तीन अक्षांवरील स्थानांतर-मूल्ये वापरली जातात. पिंपळे सौदागरपाशी त्यांचा परिणाम असा, की नवे अंक जुन्यांच्या तुलनेत सुमारे १०३ मीटर उत्तरेकडे व ७८ मीटर पश्चिमेकडे सरकतात. एकूण अंतर सुमारे १२९ मीटर भरते. हे गाव पवनेच्या काठी आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा जेथे बांधकामाचे भवितव्य ठरविते, तेथे १२९ मीटर म्हणजे एखादी संपूर्ण वसाहत रेषेच्या आत वा बाहेर जाणे होय.

आता साधनाच्या मुख्य दोषाकडे वळता येईल. वरील तीन मूल्ये भारत व नेपाळ या विशाल प्रदेशासाठी अवघ्या सात स्थानकांवरून काढलेली असून त्यांची अनिश्चितता अनुक्रमे १२, १० व १५ मीटर सांगितली जाते. साधन मात्र उत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत, छापते. जे ज्ञान दहा-पंधरा मीटरांचे, त्याला सेंटिमीटरचा पोशाख चढतो. शिवाय योग्य दुवा न सापडल्यास ढोबळ रूपांतर होऊ शकते. त्यात अक्षांश-रेखांश जसेच्या तसे पुढे जातात आणि १२९ मीटरांची तफावत तशीच राहते.

दुसरा प्रश्न अंकांच्या क्रमाचा आहे. २०१९ मधील सहाव्या आवृत्तीपासून 'ईपीएसजी ४३२६' मध्ये अक्षांश प्रथम घेतला जातो. जुन्या लेखनपद्धतीत रेखांश प्रथम असे. जुन्या सवयीने ७३.८ आधी लिहिले, तर पिंपळे सौदागर नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रात जाऊन पडते. दोन्ही अंक आपापल्या मर्यादेत बसत असल्यामुळे चूक उघड होत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की दोष साधनाचा नसून वापरणाऱ्याचा आहे. ढोबळ रूपांतर नाकारण्याची सोय त्यात आहे आणि 'प्रोजइन्फो' हे सहसाधन प्रत्येक पर्यायाची अचूकता सांगते. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. परंतु जी माहिती मागितल्यावाचून मिळत नाही, ती घाईत मागितली जात नाही. तसेच चुलत्याच्या व पुतण्याच्या वाटणीचा आधार असलेले, ३३ फुटी साखळीने मोजलेले जुने गावनकाशे या साधनाच्या कक्षेतच येत नाहीत. कारण त्यांवर भौगोलिक सहनिर्देशकच नाहीत. त्यांना आधी जमिनीवरील ओळखीच्या खुणांशी जोडावे लागते.

सारांश, गणिती साधन म्हणून 'सीएस-टू-सीएस' उत्कृष्ट आहे. पुरावा म्हणून त्याचे उत्तर अपुरे आहे. प्रबंधात केवळ रूपांतरित अंक देणे पुरेसे मानू नये. मूळ संदर्भतल, निवडलेले रूपांतर, आज्ञावलीची आवृत्ती व अपेक्षित अनिश्चितता या चार बाबी अंकांसोबत नोंदल्या गेल्या, तरच ते अंक दुसऱ्या अभ्यासकाला तपासता येतील.