बलुते, मजुरी आणि रूढीचे कलम

दलित आत्मकथनांवर झालेल्या समीक्षेविषयी माझी एक तक्रार आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. तेव्हापासून ह्या ग्रंथांतली भूक, लाचारी आणि बोली ह्यांवर पुष्कळ लिहिले गेले. पांढरपेशा समीक्षक दुःखाने हेलावला, भाषेवर लुब्ध झाला. पण त्या पुस्तकाचे नावच मुळात मजुरीचे नाव आहे, हे तो सहसा विसरतो. बलुते म्हणजे गावकामाचा मोबदला. काम अष्टौप्रहर, मोजमाप कशाचेच नाही, आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. नाव मात्र 'हक्क'! बावन हक्कांचे धनी म्हणवायचे आणि खळ्यावर पदर पसरून उभे राहायचे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न मजुरीचा म्हणूनच हाताळला. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे बिल आणले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद त्यात होती. ते बिल तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला. मधल्या काळात, १९४६ साली, मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले तेही बाबासाहेबांनीच. १९४८ साली त्याचा कायदा झाला.

हा कायदा मी साहित्यकृतीसारखा वाचतो. त्याच्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात कातडी कमावण्याचे कारखाने, खडी फोडणे, रस्तेबांधणी, स्थानिक संस्थांची कामे अशी यादी आहे. ही आपलीच माणसे. दुसऱ्या भागात एकटी शेती. पहिल्या भागातले दर दोन वर्षांत ठरवायचे होते, शेतीचे तीन वर्षांत. त्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या गेल्या. शेतमालकापुढे सरकारला इतकी घाई करवत नसावी.

पण खरे वाचण्यासारखे आहे ते ११वे कलम. वेतन रोख द्यावे, असे ते आधी म्हणते. लगेच पुढे म्हणते, जिथे वस्तुरूपाने मजुरी देण्याची रूढी आहे तिथे सरकार तशी परवानगी देऊ शकेल. रूढी! ज्या शब्दाविरुद्ध आपल्या पिढ्या झगडल्या, तो कायद्याच्या मागल्या दाराने आत आला. वस्तूंची किंमत विहित रीतीने ठरवावी, असेही कायद्यात होते, हे मान्य करायलाच हवे. पण शिळ्या भाकरीची किंमत ठरवायला वाड्याच्या उंबऱ्याशी कोण बसणार होते? उलट २५वे कलम पाहा: किमान वेतनाहून कमी मजुरीचा करार मजुराने स्वतः केला तरी तो रद्दबातल. उपाशी माणसाच्या 'संमती'चा अर्थ ह्या कलमाला बरोबर कळला होता.

तोच अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितला. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या २३व्या अनुच्छेदाखाली वेठच, कारण दारिद्र्याची सक्तीही सक्तीच असते. आमच्या आयाबाया हे जगल्या. त्यांच्यावर कोणी काठी उगारायची गरज नव्हती, पोटच पुरेसे होते. ह्या निकालाशेजारी ठेवून आत्मकथने वाचणारा समीक्षक मला अजून हवा आहे.

२०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अंमलात आली आणि १९४८चा कायदा तिच्यात विलीन झाला. परिशिष्टाची यादी गेली. किमान वेतन आता सर्व रोजगारांना आहे. थकलेल्या मजुरीसाठी दावा करण्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली. ह्या सुधारणा आहेत, त्यांना नाके मुरडू नयेत. मात्र दावा करायला काम केल्याचा पुरावा लागतो. ठेकेदार हजेरी कच्च्या वहीत मांडतो आणि सही कोऱ्या कागदावर घेतो. गटारात उतरणाऱ्याच्या मुलाने उद्या आत्मकथन लिहिले तर त्याने बापाच्या घामाबरोबर ठरलेला दर, हातात पडलेली रक्कम आणि मधली कपातही लिहावी. आणि समीक्षकाने ती पाने रूक्ष म्हणून उलटू नयेत.