जुन्या खेळांचा जीर्णोद्धार

जुन्या व्हिडिओ गेम्सना नवें रूप देऊन ते पुन्हां बाजारांत आणण्याची प्रथा गेल्या दहापंधरा वर्षांत इतकी रूढ झाली आहे कीं, एखाद्या नव्या खेळाची वार्ता आली म्हणजे पुष्कळदां जुनाच कोणी ओळखीचा पाहुणा नवा पोशाख चढवून आलेला आढळतो. या प्रथेस रीमास्टर असें नांव आहे. आणि जेथें केवळ डागडुजी न करतां सारी इमारत पायापासून नव्यानें उभारतात तेथें रीमेक हा शब्द योजितात. असा जीर्णोद्धार खेळाडूच्या कितपत हिताचा, हा प्रश्न ज्या घरांत मुलें खेळतात व आईबाप पैसे मोजतात त्या घरांत वारंवार निघतो. परंतु त्याची चर्चा बहुधा किंमतीपाशींच थांबते. एकच माल दोनदां विकण्याची ही व्यापारी युक्ति आहे, असें म्हणून एक पक्ष उठून जातो; चित्रें किती सुंदर झालीं आहेत पहा, असें म्हणून दुसरा पक्ष थैली सोडतो. आमच्या मतें दोघांनींहि मुख्य मुद्दा दृष्टीआड केला आहे. व्हिडिओ गेम ही कलाकृति असूं शकते, हें एकदां मान्य केलें म्हणजे तिच्या जीर्णोद्धाराची परीक्षा ग्रंथाच्या नव्या आवृत्तीप्रमाणेंच केली पाहिजे. तेथें पहिला प्रश्न हा कीं, मूळ पाठाचें काय झालें?

प्रथम जीर्णोद्धाराची जमेची बाजू पाहूं. शंभर वर्षांपूर्वींचें पुस्तक कपाटांतून काढून धूळ झटकली कीं वाचतां येतें. फार तर पानें पिवळीं पडलेलीं असतात. खेळाचें तसें नाहीं. ज्या यंत्रासाठीं तो रचिला तें यंत्र बंद पडलें कीं तबकडी धडधाकट असूनहि मुकी होते. यंत्र चालू असलें तरी पडदा बदललेला असतो. १९९० च्या दशकांतील खेळांचीं चित्रें जाड कांचेच्या पिक्चर ट्यूबवर दिसावयाचीं म्हणून काढलेलीं होतीं. त्या ट्यूबच्या अंगच्या पुसटपणामुळें शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून गालाची गोलाई किंवा पाण्याची पारदर्शकता भासत असे. तेंच चित्र आजच्या सपाट पडद्यावर लावलें तर ठिपका न ठिपका सुटा होऊन उभा राहतो, आणि ज्यानें तो खेळ लहानपणीं खेळला त्यास वाटतें कीं आपली स्मृतिच आपणांस फसवीत होती. ती फसवीत नव्हती. त्यानें जें पाहिलें तें आतां यंत्रांतच उरलेलें नाहीं.

शिवाय खेळ मिळण्याचीच पंचाईत आहे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली, तींत त्या देशांत २०१० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत विक्रीस उपलब्धच नाहींत असें दिसून आलें. त्याच वर्षीं २७ मार्च रोजीं निन्टेंडो कंपनीनें वी यू व थ्री-डीएस या आपल्या दोन यंत्रांचें इंटरनेटवरील दुकान बंद केलें, आणि जे खेळ केवळ त्याच दुकानांत मिळत होते ते विकत घेण्याचा मार्ग खुंटला. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हां मूळ रचनेस जवळजवळ तीनशें वर्षें होऊन गेलीं होतीं व नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. खेळांवर ती वेळ वीसतीस वर्षांतच येते. तेव्हां जीर्णोद्धारच नको म्हणणारा मनुष्य वस्तुतः जुने खेळ नकोत असेंच म्हणत असतो.

परंतु शुद्ध करावयाचें म्हणजे काय करावयाचें? येथें खरी अडचण आहे. आणि ती समजण्यास 'सायलेंट हिल' या जपानी भयकथेच्या खेळाइतकें चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. या मालिकेंतील पहिला खेळ १९९९ सालीं कोनामी कंपनीनें काढिला. ज्या प्लेस्टेशन यंत्रावर तो चालत असे त्याची शक्ति बेताची. दूरवरचीं घरें व रस्ते एकाच वेळीं रेखाटणें त्याला झेपत नसे. म्हणून रचनाकारांनीं सारें गांव दाट धुक्यांत बुडविलें. पांचपंचवीस पावलांपलीकडे कांहींच दिसत नाहीं, मग काढावयाचें तरी काय? यंत्राचें दारिद्र्य झांकण्यासाठीं घातलेली ही चादर. परंतु तिच्यामुळें खेळाडूच्या मनांत जें भय उत्पन्न झालें तें कोणत्याहि राक्षसाच्या चित्रानें झालें नसतें. २००१ सालीं दुसरा खेळ आला तेव्हां यंत्र पुष्कळ सुधारलें होतें. तरीहि धुकें ठेवलें, आणि या वेळीं तें नाइलाज म्हणून नव्हे. तीन वर्षांपूर्वीं मरण पावलेल्या पत्नीच्या हातचें पत्र मिळाल्यामुळें एक मनुष्य त्या गांवीं येतो. स्वतःच्या मनांतील एक गोष्ट तो स्वतःपासूनहि लपवीत आहे, हें आपणांस हळूहळू उमगतें. तेव्हां तें धुकें हवामानाचें नसून त्याच्या मनाचें आहे.

२०१२ सालीं या खेळाची नवी उजळ आवृत्ति निघाली. कंपनीनें मूळ खेळाची अखेरची आज्ञावली जपून ठेवलीच नव्हती. नव्या कारागिरांच्या हातीं अर्धवट टप्प्यावरील आज्ञावली पडली, व एकदां दुरुस्त झालेल्या चुका त्यांना पुन्हां दुरुस्त कराव्या लागल्या. त्या गडबडींत धुकें विरळ झालें. जें कधीं दिसावयाचें नव्हतें तें दिसूं लागलें. आणि रस्त्यापलीकडे गांव नाहीं, केवळ पडद्याची कडा आहे, हें उघड झालें. रंगभूमीवर विंगेंतला दोरखंड ओढणारा मनुष्य प्रेक्षकांस दिसावा तसा हा प्रकार झाला. चित्र अधिक स्वच्छ झालें ही गोष्ट खरी. परंतु खेळ तितकाच कमी झाला.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर २०२१ च्या नोव्हेंबरांत घडली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेंतील २००१, २००२ व २००४ सालचे तीन खेळ एकत्र करून ६० डॉलरांस विकण्यांत आले. (हे खेळ प्रौढांचे आहेत, मुलांचे नव्हेत, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.) तेथेंहि दूरचें धुरकट वातावरण पुसून टाकलें, तों डोंगरावर उभें राहिल्याबरोबर तिन्ही शहरें एका ताटांत मांडलेल्या खेळण्यांसारखीं दिसूं लागलीं, पाऊस पांढऱ्या दोऱ्यांसारखा पडूं लागला, दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरें यंत्राकडून सुधारून घेतांना भलतींच झालीं. इतकें सारें एक वेळ सोसलें असतें. परंतु कंपनीनें नव्या आवृत्तीच्या तोंडावर जुन्या तिन्ही आवृत्त्या विक्रींतून काढून घेतल्या होत्या. खेळाडूंनीं ओरड केली तेव्हां तिनें क्षमा मागितली व संगणकावरील जुन्या आवृत्त्या परत ठेवल्या. जुन्यासारखा प्रकाश व आकाश परत मिळण्यास मात्र २०२४ साल उजाडावें लागलें. 'वॉरक्राफ्ट ३' या २००२ सालच्या खेळाची कथा याहूनहि वाईट. २०२० च्या जानेवारींत त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां ज्यांनीं जुनी प्रत पूर्वींच विकत घेतली होती व जे इंटरनेटवरून ती एकमेकांशीं खेळत होते त्यांनाहि नव्या आज्ञावलींतूनच खेळणें भाग पडलें. शेल्फावरचें आपलें पुस्तक प्रकाशकानें रात्रीं येऊन बदलून जावें, याला वाचकानें काय म्हणावें?

आपल्याकडे जुन्या देवळांचा जीर्णोद्धार कसा होतो तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. झिजूं लागलेल्या मूर्तीस वज्रलेप करणें ही एक गोष्ट. आणि हेमाडपंती दगडी खांबांना निळापिवळा ऑइल पेंट फांसणें ही अगदीं निराळी. दोहोंसहि गांवकरी जीर्णोद्धारच म्हणतात, आणि दोहोंमागें भक्ति सारखीच असते.

आतां जेथें भक्ति व कौशल्य दोन्ही आहेत अशा एका उदाहरणाकडे वळूं. कारण खरा कस तेथेंच लागतो. 'शॅडो ऑफ द कोलॉसस' हा फुमितो उएदा यांचा खेळ २००५ सालीं प्लेस्टेशन २ वर आला. एक तरुण मृत मुलीचें शव घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशांत येतो. तिला जिवंत करावयाची असेल तर तेथील सोळा महाकाय प्राणी मारले पाहिजेत, असें त्यास सांगितलें जातें. त्या प्रदेशांत गांव नाहीं, माणूस नाहीं, दुसरा शत्रूहि नाहीं. तलवार उन्हांत धरली कीं किरण एकवटून दिशा दाखवितात. मग मैलोगणती घोडा दौडवावयाचा. आणि प्रत्येक वधानंतर विजयाचा आनंद न होतां कांहीं तरी अपराध झाल्यासारखें वाटतें. जुन्या यंत्राला हा भार पेलत नसे. चित्र अडखळत असे. ऊन भगभगीत पांढरें पडून दूरचे डोंगर त्यांत विरून जात.

टेक्सासमधील ब्लूपॉइंट या मंडळीनें याचा दोनदां उद्धार केला. २०११ सालीं मूळ चित्रें तशींच ठेवून अडखळणें तेवढें काढून टाकलें. २०१८ सालीं प्रत्येक दगड, प्रत्येक गवताची काडी नव्यानें घडविली. दुसऱ्या कामाची सर्वत्र वाहवा झाली व ती बव्हंशीं रास्त आहे. प्राण्यांची हालचाल, घोड्याचा हट्टी स्वभाव, सारी मूळची चाल त्यांनीं राखली. जुन्या पद्धतीनें कळा दाबण्याची सोयहि ठेवली. तथापि आमचें मत २०११ च्या आवृत्तीकडेच झुकतें. नव्या रूपांत डोळा गवतावर रमतो, शेवाळावर रमतो. तो प्रदेश एखाद्या सुंदर सहलीच्या ठिकाणासारखा होतो. मूळ प्रदेश अर्धवट आठवणाऱ्या स्वप्नासारखा होता, आणि त्याच्या ओसाडपणांतच त्या तरुणाच्या हट्टाचें ओझें जाणवत असे. आणखी एक लहानसें शल्य. मूळ खेळांत कांहीं तरी गुप्त असलें पाहिजे अशा समजुतीनें खेळाडूंनीं वर्षानुवर्षें तो प्रदेश पालथा घातला. त्यांच्या त्या भक्तीस मान देण्यासाठीं २०१८ च्या आवृत्तींत ७९ चमकदार नाणीं ठिकठिकाणीं दडविलीं आहेत, व तीं सारीं वेंचणाऱ्यास एक तलवार मिळते. हेतु प्रेमळ आहे, हें कोण नाकारील? परंतु शोधणाऱ्याच्या हातीं कांहींच न लागणें हा त्या भूमीचा धर्म होता. तेथें आतां बक्षीस ठेवलें आहे.

मग २०१८ चा खेळ वाईट का? मुळींच नाहीं. 'सौभद्रा'चा नवा प्रयोग नव्या नटसंचांत झाला म्हणून किर्लोस्करांची संहिता नाहींशी होत नाहीं. प्रयोग फसला तर आपण घरीं येऊन संहिता वाचतों. रीमेक हा नवा प्रयोग आहे, त्याला स्वातंत्र्य दिलेंच पाहिजे. 'सायलेंट हिल २' चा जो रीमेक पोलंडमधील ब्लूबर टीमनें २०२४ सालीं केला त्यांत लढण्याची रीत बदलली, पाहण्याचा कोन बदलला. परंतु धुकें पुन्हां दाट झालें, व तो प्रयोग रंगला. रीमास्टर मात्र स्वतःस आवृत्ति म्हणवितो, तेव्हां त्याला आवृत्तीचे नियम लागू झाले पाहिजेत. प्रयोगाचें स्वातंत्र्य घ्यावयाचें आणि मूळ संहिताहि गडप करावयाची, हें चालणार नाहीं.

सुदैवानें सचोटीनें केलेलीं कामेंहि आहेत. १९९० सालच्या 'मंकी आयलंड' या विनोदी खेळाची २००९ सालची आवृत्ति घ्या: एक कळ दाबली कीं नवें चित्र जाऊन त्याच ठिकाणीं जुनें ठिपक्यांचें चित्र येतें. पाठभेद एकाच पानावर छापलेल्या चिकित्सक आवृत्तीसारखी ही सोय आहे. 'स्टारक्राफ्ट' या १९९८ सालच्या खेळाचे सामने दक्षिण कोरियांत दूरचित्रवाणीवर दाखवीत असत. २०१७ सालीं त्याचें रीमास्टर झालें तेव्हां कंपनीनें मूळ खेळ आधींच विनामूल्य केला, नव्यांतहि एका कळीवर जुनें रूप ठेवलें, आणि एका वेळीं बाराहून अधिक सैनिक निवडतां न येण्याची जुनी अडचणहि तशीच राहूं दिली. कारण त्या अडचणीवरच निष्णात खेळाडूंचें सारें कसब उभें होतें.

आपल्याकडे घरोघरीं परिचित झालेला 'एज ऑफ एम्पायर्स २' हा १९९९ सालचा खेळ तर जीर्णोद्धारामुळेंच पुन्हां जोमांत आला. तो रचणारी डॅलसची एन्सेम्बल स्टुडिओज ही संस्था २००९ सालीं बंद झाली होती. त्यानंतर २०१३ व २०१९ सालीं नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि दुसरी आली म्हणून पहिली कोणी हिरावून घेतली नाहीं. मूळ खेळांत हिंदुस्थानास स्थानच नव्हतें. २०१३ सालीं सारा देश मिळून एक राष्ट्र झालें. २०२२ च्या विस्तारांत त्याचे हिंदुस्थानी, बंगाली, द्राविड व गुर्जर असे चार विभाग पडले आणि राजेंद्र चोळ व देवपाल यांच्या मोहिमा खेळावयास मिळाल्या. देवगिरीच्या यादवांची त्यांत निराळी गणना झाली नाहीं, याबद्दल मराठी खेळाडूनें थोडें रुसावयास हरकत नाहीं.

तेव्हां खेळाडूनें काय करावें? ज्यानें मूळ खेळ कधींच खेळला नाहीं त्यानें, जुनें रूप सोबत दिलेली आवृत्ति असेल तर ती निःशंक घ्यावी. ज्याच्यापाशीं मूळ प्रत व चालतें यंत्र आहे त्यानें केवळ उजळ चित्रांसाठीं दुसऱ्यांदा पैसे मोजूं नयेत. आणि जेथें जुनी आवृत्ति काढून घेऊन नवी गळ्यांत मारली जाते, तेथें ती कितीहि देखणी असली तरी कांहीं महिने थांबावें. वरील उदाहरणांवरून दिसतें कीं ओरड ऐकूं जाते.

कारागिरांना दोष देतांना मात्र थोडें सांभाळावें. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेंतील 'सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या खेळाचा रीमेक युबिसॉफ्ट कंपनीनें पुणें व मुंबई येथील आपल्या शाखांकडे दिल्याचें २०२० सालीं जाहीर झालें, तेव्हां आपल्याकडे अनेकांस अभिमान वाटला. पहिलीं दृश्यें पाहून टीका झाली, काम लांबलें, व २०२२ सालीं तें माँट्रियलच्या शाखेकडे गेलें. त्यानंतरहि तो खेळ लवकर हातीं आला नाहीं. म्हणजे काम अवघड होतें, केवळ हात नवखे होते असें नव्हे. याच मालिकेच्या मूळ खेळाची कथा पहा. जॉर्डन मेक्नर यांनीं १९८९ सालीं तो ॲपल २ या संगणकासाठीं एकट्यानें रचिला. धावण्याउडी मारण्याचे नमुने भावाचें चित्रीकरण करून घेतले, संगीत वडिलांनीं दिलें. त्याची आज्ञावली हरवली अशीच त्यांची समजूत होती. २०१२ सालीं वडिलांना घरांतील एका खोक्यांत जुन्या फ्लॉपी सांपडल्या. जाणत्या माणसांनीं जुनीं यंत्रें जमवून त्या मोठ्या कष्टानें वाचल्या, आणि मेक्नर यांनीं ती सारी आज्ञावली कोणासहि वाचतां यावी म्हणून इंटरनेटवर प्रसिद्ध केली.