नाण्यांची प्रत आणि नाण्यांची साक्ष

उत्तर कोंकणांत जुनीं नाणीं जमविण्याचा छंद अलीकडे बराच वाढला आहे. पूर्वीं तो सावकार, सरदारघराण्यांतील मंडळी किंवा एखादा चिकित्सक शास्त्री यांच्यापुरता असे. आतां वैतरणेपासून बोईसर-तारापुरापर्यंतच्या टापूंत कारखान्यांतील नोकरदार, शिक्षक, दुकानदार अशा सर्व थरांतील लोक शिवराया, क्षत्रपांचे चांदीचे तुकडे व मोगली रुपये हौसेनें विकत घेऊं लागले आहेत. ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. परंतु या छंदाबरोबर नाण्यांची जी प्रतवारी रूढ होत चालली आहे, तिच्याविषयीं आम्हांस गंभीर शंका आहेत, व त्या या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडणें आम्ही अवश्य समजतों. या वाचकांच्या घरीं पोथ्या आणि नाणीं एकाच फडताळांत नांदतात. पण पोथीच्या बाबतींत जी दक्षता घेतली जाते तिचा शतांशहि नाण्याच्या वांट्यास येत नाहीं.

ही प्रतवारी आपल्याकडची नव्हे. अमेरिकेंतील विल्यम शेल्डन यानें १९४९ सालीं तेथील तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांवर एक ग्रंथ लिहून त्यांत १ पासून ७० पर्यंतची एक मोजपट्टी दिली. १ म्हणजे जेमतेम ओळखूं येईल इतकें झिजलेलें नाणें, व ७० म्हणजे सर्वथा निर्दोष नाणें. मूळ कल्पना अशी कीं, पहिल्यास जी किंमत तिच्या ७० पट शेवटच्यास यावी. म्हणजे ही मोजपट्टी जन्मतःच बाजारभावाची होती. तो भावाचा हिशेब पुढें कोलमडला. अंक मात्र राहिले. १९८६-८७ च्या सुमारास नाणें तपासून, त्यास अंक देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबींत घालून देणाऱ्या कंपन्या त्याच देशांत निघाल्या, आणि तशा डब्या आतां आपल्या बाजारांतहि दिसूं लागल्या आहेत. ग्राहक डबीवरील अंक वाचतो. आंतील नाणें वाचण्याची त्यास गरज वाटत नाहीं.

व्हिक्टोरिया राणीच्या रुपयास ही मोजपट्टी लावण्यास आमची हरकत नाहीं. यंत्रानें पाडलेलीं नाणीं टांकसाळींतून बहुतांशीं एकसारखीं बाहेर पडतात, त्यामुळें पुढें दिसणारा फरक हा मुख्यतः वापराचा असतो. शिवराईची गोष्ट निराळी. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसरीस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशीं अक्षरें असलेलें हें तांब्याचें नाणें हातानें ठोकलेलें आहे. ठसा मोठा व चकती लहान, असा प्रकार त्यांत नेहमींचाच. म्हणून कोठें ‘श्री’ अर्धी सुटते, कोठें ‘पति’ कडेबाहेर जातो. घाव हलका बसला तर अक्षर उठतच नाहीं. आतां उठलेलें अक्षर झिजणें आणि अक्षर मुळांतच न उठणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण सत्तर अंकांच्या पट्टीवर दोन्हींचा दंड एकच. शिवाय शिवराई पेशवाईंत अनेक ठिकाणीं, मक्तेदारांकडूनहि पाडली गेली व एकोणिसाव्या शतकांतहि चालत राहिली. तिच्यावर ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ असे पाठभेद आढळतात. पोथीच्या अभ्यासकास पाठभेदाचें मोल सांगावयास नको. एखादी ओबडधोबड, अर्धवट उठलेली शिवराई जर अपरिचित वळणाचें अक्षर दाखवीत असेल, तर गुळगुळीत पूर्णाक्षरी शंभर शिवरायांपेक्षां आम्ही तीच उचलूं.

झिजेकडेहि केवळ दोष म्हणून पाहणें बरोबर नाहीं. वैतरणा ज्या त्र्यंबकाच्या डोंगरांत उगम पावते, त्याच्या शेजारींच अंजनेरी आहे. तेथें मिळालेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटांत, कलचुरि संवत् ४६१ म्हणजे इ. स. ७१० च्या सुमारास, ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्यांचा उल्लेख येतो. हा कलचुरि कृष्णराज सहाव्या शतकांतला. म्हणजे राजा जाऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावरहि त्याच्या नांवाचें नाणें या भागांतल्या व्यवहारांत मोजलें जात होतें. असें असतां कृष्णराजाचा झिजून पातळ झालेला रूपक हातीं आला तर त्यास ‘हलकी प्रत’ म्हणून बाजूस सारावें, कीं ताम्रपटाच्या विधानाचा तो साक्षीदार मानावा? सराफांनीं पारखतांना मारलेल्या बारीक खुणांविषयींहि हेंच म्हणतां येईल. बाजारांत त्या खुणांनीं किंमत उतरते. आम्हांस त्यांत नाणें कोणाच्या तरी पेढीवरून गेल्याचें प्रमाण दिसतें.

या बाबतींत जोगळटेंभीच्या निधीइतकें बोलकें उदाहरण दुसरें नाहीं. नाशिकजवळच्या या गांवीं १९०६ सालीं नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सांपडला. त्यांत सुमारें १३,२५० नाणीं होतीं. पैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां ठोकलेला आहे. रेव्हरंड स्कॉट यांनीं त्यांचा अभ्यास करून १९०८ सालीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला. नहपानाचा मुखवटा सातवाहनांच्या चिन्हांखालीं चिरडलेला अशीं तीं नाणीं सौंदर्यास पारखीं झालीं आहेत खरीं, पण क्षहरातांचें राज्य कोणीं घेतलें याचा निकाल त्या चिरडण्यानेंच दिला. त्यांतून दहा-वीस सुबक मुखवटे निवडून बाकीचीं आटविलीं असतीं तर पुनर्मुद्रित व अपुनर्मुद्रित यांचें प्रमाणच नष्ट झालें असतें, आणि सारा पुरावा त्या प्रमाणांत आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें नाशिकच्या लेण्यांत कोरविलेल्या लेखांत ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा विनिमयाचा दर दिला आहे. हे कार्षापण म्हणजे अशींच चांदीचीं नाणीं होत, असें अभ्यासक मानतात. त्याच उषवदाताच्या दानांत शूर्पारक येतें, दमण व दाहणुका या नद्यांवरील फुकट नावांची सोय येते. म्हणजे आपल्याच डहाणूच्या खाडीवर ज्या काळीं उतारू पार होत होते, त्या काळचा हा पैसा आहे.

शूर्पारकाचें नांव निघालेंच आहे तर वैतरणेच्या दक्षिणेकडील सोपाऱ्याच्या एका नाण्याची हकीकत सांगणें भाग आहे. १८८२ च्या एप्रिलांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप खणला. आंत दगडी पेटी, तींत एकांत एक बसविलेले करंडक व सर्वांत आंत सोन्याचा करंडक, मातीच्या भांड्याचे तुकडे, सोन्याचीं फुलें, भोंवतीं आठ ब्राँझच्या मूर्ति, आणि यज्ञश्री सातकर्णीचें एक चांदीचें नाणें. यज्ञश्री दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. मूर्ति मात्र कित्येक शतकें नंतरच्या आहेत, असें मूर्तिशास्त्राचे अभ्यासक मानतात. मग स्तूप एकदां बांधून पुन्हां उघडला गेला काय? हा प्रश्न केवळ नाणें आणि मूर्ति एकाच पेटींत सांपडल्यामुळें उत्पन्न झाला. हेंच नाणें कोणा विक्याच्या फडक्यांतून बाहेर आलें असतें, तर चांगल्या प्रतीचें एक सातवाहन नाणें यापलीकडे त्यास कांहीं बोलतां आलें नसतें. पंडितजी स्वतः मोठे संग्राहक होते. त्यांचा नाणेसंग्रह त्यांच्या इच्छापत्रानें ब्रिटिश म्यूझियमकडे गेला व रॅप्सनच्या १९०८ च्या सूचीस तो उपयोगी पडला. संग्राहक आणि संशोधक यांत वैर आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं.

रॅप्सनच्या त्याच सूचींत त्रैकूटकांचीं नाणीं आहेत. कालिदासानें रघूच्या दिग्विजयांत अपरांतांतील त्रिकूटाचें नांव घेतलें आहे. त्या त्रिकूटाशीं निगडित असा हा पांचव्या शतकांतील राजवंश. नाणीं क्षत्रपांच्या नमुन्यावर, पण कारागिरी फारच बेताची. मुखवटा ओळखूं येईल तर नशीब! अक्षरें मात्र कडेनें गोल फिरतात: ‘महाराजेन्द्रदत्तपुत्र परमवैष्णव श्रीमहाराज दह्रसेन’. दह्रसेनाचा ताम्रपट उपलब्ध आहे. परंतु त्याचा पिता इंद्रदत्त केवळ या कडेच्या अक्षरांमुळेंच इतिहासास ठाऊक आहे. बाजार पाहतो मध्यभागच्या मुखवट्याकडे, आणि एक सबंध राजा उभा आहे कडेच्या दीड-दोन मिलिमीटरांवर. क्षत्रपांच्या नाण्यांवर शककालाचे अंकहि असेच मुखवट्याच्या पाठीमागें बारीक कोरलेले असतात. ते शाबूत असतील तर नाक झिजलें म्हणून हळहळण्याचें कारण नाहीं.

आमच्या प्राचीनांस प्रतवारी ठाऊक नव्हती असें कोणी समजूं नये. कौटिल्यानें रूपदर्शक नांवाचा अधिकारी सांगितला आहे. व्यवहारांत चालावयाचें नाणें कोणतें व कोशांत घ्यावयाचें कोणतें, हें त्यानें ठरवावयाचें. परीक्षेची फी शेकडा अष्टमांश. येथें प्रत ठरते ती उपयोगावरून. आणि पाणिनीनें ‘रूप्य’ शब्द साधतांना दोन अर्थ दिले आहेत, एक ठोकलेलें आणि दुसरा प्रशंसनीय. हल्लींच्या संग्राहकांनीं दुसरा अर्थ तेवढा घेतला व पहिला टांकसाळीकडेच ठेवला, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रत वाढविण्याच्या लोभानें सर्वांत मोठा अनर्थ होतो तो घांसण्याचा. देवघरांतील भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून उजळलेल्या शिवराया आम्हीं कितीतरी पाहिल्या आहेत. तांब्यावरील तपकिरी किंवा हिरवट साय हीच पुष्कळदां अक्षराची कड धरून असते. ती गेली कीं अक्षरहि गेलें. कसरीनें खाल्लेली पोथी कोणी पाण्यांत धूत नाहीं. समुद्रकांठच्या खाऱ्या, दमट हवेंत नाणीं जाड साध्या कागदाच्या पाकिटांत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीं. मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांत कांहीं वर्षांनीं त्यांवर चिकट हिरवा थर येतो. फिकट हिरवी भुकटी धरूं लागलेलें नाणें ताबडतोब इतरांपासून वेगळें करावें.

आतां खरेदीविषयीं. साधी तांब्याची शिवराई विपुल असल्यानें तिची नक्कल करण्यांत फारसा लाभ नसतो. नकलांचा सुळसुळाट होतो तो शिवकालीन सोन्याच्या होनाच्या बाबतींत. अस्सल होन अत्यंत दुर्मिळ, वजनानें पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. स्मरणिका म्हणून उघडपणें विकल्या जाणाऱ्या प्रतिकृति पुढें हातोहातीं फिरत ‘आजोबांच्या पेटींतला होन’ बनतात. ग्राहकानें वजन घ्यावें, विशिष्ट गुरुत्व काढावें (शुद्ध चांदीचें १०.५, तांब्याचें ८.९, सोन्याचें १९.३), आणि भिंगाखालीं कड पाहावी. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याचा माग दिसतो, पृष्ठावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खळगे दिसतात. हातानें ठोकलेलीं दोन नाणीं चकतीच्या आकारासकट व चिरांसकट तंतोतंत सारखीं असूं शकत नाहींत. तशी जोडी दिसली तर दोन्ही ठेवून उठावें. बंद डबीवर आमचा मुख्य आक्षेप येथें येतो. ती नाण्यास हाताच्या घामापासून वांचविते हें कबूल, पण ग्राहकास नाणें तोलतां येत नाहीं, आणि पुष्कळ डब्यांत कडहि नीट दिसत नाहीं. त्यांतून डबीचीहि नक्कल होते. स्वतः पारखण्याचीं जीं साधनें ग्राहकापाशीं असतात तीं काढून घेऊन त्याच्या हातीं एक अंक दिला जातो.

विकणारा ‘परवांच नांगराला लागलें’ असें सांगूं लागला तर खोटें असल्यास ती फसवणूक, खरें असल्यास तो गुन्हा. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळविणें बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो, व खासगी व्यक्तीस त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत. पण येथें कायद्यासहि दोष दिल्याशिवाय आम्हांस राहवत नाहीं. १८७८ च्या कायद्याप्रमाणें सरकारनें ठेवा घेतला तर द्यावयाचा मोबदला धातूची किंमत अधिक तिचा एकपंचमांश, एवढाच. त्रैकूटकाचें नाणें दोन ग्रॅमच्या आसपास चांदीचें! ज्या कुळाच्या शेतांत असा गाडगाभर ठेवा निघेल, त्यानें कलेक्टरकचेरीची वाट धरावी कीं सोनाराची, हें या आंकड्यानेंच ठरवून टाकलें आहे. मोबदला नाण्याच्या ऐतिहासिक मोलावर ठरूं लागल्याखेरीज वैतरणेच्या खोऱ्यांतून जोगळटेंभीसारखा निधि सबंध हातीं येण्याची आशा थोडीच.

तोंवर संग्राहकांच्या हातीं एक गोष्ट आहे. पोथीची पुष्पिका फाटून गेली तर लेखक, स्थळ व शक हीं तिन्ही जातात. नाण्याची पुष्पिका त्याच्या पाकिटावर असते. कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, कोणाकडून, किती वजनाचें, सोबत आणखी किती व कोणतीं नाणीं होतीं, घांसलेलें कीं न घांसलेलें, इतक्या सात-आठ गोष्टी शाईनें लिहाव्यात. घराण्यांतून आलेलीं नाणीं असतील तर घराणें कोठून कोठें आलें तेंहि लिहावें. केळवें-माहीम, शिरगांव, तारापूर, मनोर या बाजूस ज्यांच्या घरीं अशीं नाणीं असतील, त्यांनीं कडेच्या अक्षरांसह दोन्ही बाजूंचे ठसे व पाकिटावरील मजकूर मंडळाकडे धाडावा. प्रत कितीहि हलकी असो; कडेचीं अक्षरें प्रथम वाचलीं जातील.