‘साभार’ आणि न झालेले भाषण

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची चर्चा बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चौकटीतच झाली आहे. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. उद्घाटन अखेर वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु तिच्या आड संहितेचा एक प्रश्न दुर्लक्षित राहिला. जे भाषण व्यासपीठावर झालेच नाही, ते वृत्तपत्रांतून आणि वृत्तसंकेतस्थळांवरून इंग्रजीत व मराठीत सर्वदूर पोहोचले. बंदिस्त होऊ घातलेली संहिता संकलनाने मुक्त केली, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

माझ्या एका विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी या भाषणाचे दोन मराठी पाठ आणले. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवून घेतलेले. एकावर अनुवादकाचे नाव नव्हते, मूळ प्रसिद्धिस्थळाचा निर्देश नव्हता, आणि दोन परिच्छेद गाळल्याची खूण म्हणून तीन टिंबेदेखील नव्हती. विद्यार्थ्याने आपला युक्तिवाद नेमका त्या सांध्यावर उभारला होता. त्याचे विवेचन सहगल यांच्या विचारक्रमाचे नव्हते. एका अनामिक संकलकाच्या कात्रीचे होते. पाठचिकित्सा हे प्राचीन पोथ्यांपुरते शास्त्र आहे, असे समजणाऱ्या आम्हा अध्यापकांचाही यात दोष आहे.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षा, परीक्षण व चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी उचित वापराची सवलत आहे. जाहीररीत्या दिलेल्या व्याख्यानाचे वृत्तही तीत येते. येथे व्याख्यान दिलेच गेलेले नसल्याने ही विशिष्ट तरतूद थिटी पडते, हा कायद्याचा मौजेचा पेच. तो विधिज्ञांनी सोडवावा. समीक्षेला कलम ५७ अधिक जवळचे वाटावे. कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीच्या विपर्यासाला हरकत घेण्याचा लेखकाचा हक्क ते मान्य करते. गाळणी करताना संकलक नवा शब्द लिहीत नाही, म्हणून तो स्वतःला निर्दोष मानतो. पण निवड आणि क्रम हीदेखील अर्थनिर्मितीच असते.

मराठी नियतकालिकांनी या व्यवहारासाठी एक शब्द रूढ केला होता : ‘साभार’. परक्या मजकुराखाली तो कंसात छापला जाई. ‘आभार’ या शब्दातच भार आहे. उपकाराचे ओझे उचलल्याची ती कबुली. (नापसंत हस्तलिखित ‘साभार परत’ येई, तोही हाच शब्द. यवतमाळच्या संयोजकांनी निमंत्रणाचा प्रवास उलटा करून तो वापरला म्हणायचा.) संकेतस्थळावर दुव्याने त्याची जागा घेतली आहे. पण दुवा केवळ वाट दाखवतो. काय गाळले, कोणी भाषांतर केले, हे तो सांगत नाही.

येडे यांच्या भाषणाची गत निराळी झाली. ते प्रत्यक्ष झाले, तरी पुनःप्रसिद्धीत बोलणारीची ओळखच संहितेवर मात करून गेली. ‘शेतकऱ्याची विधवा’ हे विशेषण मथळ्यात बसले आणि तिच्या मांडणीतील विचार करुणेच्या चौकटीत चिणला गेला. शब्द न बदलताही विपर्यास होतो तो असा. याउलट २०१४ मध्ये पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे पाहावे. तेथे लेखक, छायाचित्रकार व अनुवादक यांची नावे मजकुरासोबत असतात. याच जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीत शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्याविषयीचे लेखन पुन्हा छापताना ही शिस्त केवळ शिष्टाचाराची राहत नाही : मृताच्या आप्तांनी काय सांगितले आणि वार्ताहराने काय जोडले, यांतील रेषा तिच्याविना पुसली जाते.

विद्यार्थ्याला मी मूळ इंग्रजी संहिता शेजारी ठेवून ते प्रकरण पुन्हा लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले आहे. अनुवादकाच्या नावाच्या जागी ‘अनुल्लेखित’ एवढाच शब्द आहे.