रुग्णालयांचे इतिहास व त्यांतील रोगी

सातारा-सांगलीकडील जुन्या रुग्णालयांविषयीं जें कांहीं लिहिलें गेलें आहे, तें बहुधा गौरवाच्या निमित्तानें लिहिलें गेलें आहे. त्यांत संस्थापक असतो, देणगीदार असतात, कोनशिला असते. रोगी मात्र आंकड्याच्या रूपानें तेवढा येतो. लिहिणाऱ्यांच्या कृतज्ञतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण या रीतीनें इतिहासाचें काय होतें, हें पाहावयाचें असल्यास डॉक्टरांच्याच आठवणींचीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवावींत.

पहिलें लंडनच्या डॉ. जोसेफ रॉजर्स यांचें, 1889 सालीं प्रसिद्ध झालेलें. इंग्लंडांत 1834 च्या कायद्यानें धट्ट्याकट्ट्या दरिद्र्यास वर्कहाऊसमध्यें येऊन राहिल्यावांचून मदत देऊं नये असें ठरलें, आणि आंतील जिणें बाहेरच्या हलक्यांतल्या हलक्या मजुराच्या जिण्याहून सुखाचें नसावें असा दंडक घातला गेला. प्रत्यक्षांत तेथें जमले ते म्हातारे, आजारी आणि बाळंतिणी. आळशास भेडसावण्यासाठीं उभारलेल्या भिंतींआड क्षयी माणसें खोकूं लागलीं. रॉजर्स 1856 पासून क्लीव्हलँड स्ट्रीटवरील अशा एका वर्कहाऊसचे वैद्य होते. तेथें पगारी परिचारिका नव्हती. शुश्रूषा करावयाची ती तेथल्याच थकल्या-भागल्या दरिद्री बायांनीं. औषधांचा खर्च वैद्यानें आपल्या पगारांतून सोसावयाचा. रोग्यांच्या खिडक्यांखालीं गालिचे झोडपण्याचें काम चाले, कारण त्यांतून पैसा येई. धूळ आणि दणदणाट आजाऱ्यांच्या वांट्यास! हा एक गालिचा वर्कहाऊसच्या अर्थशास्त्रावरील दहा व्याख्यानांहून अधिक बोलका आहे. 1865 मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रानें चौकशी आरंभिली, 1867 मध्यें लंडनपुरता सुधारणेचा कायदा झाला, आणि 1868 मध्यें रॉजर्स यांची नोकरी गेली. पुस्तकास कडवटपणाची चव आहे ती यामुळें. आम्हांस ती खटकत नाहीं.

दुसरें पुस्तक आमच्या घरचें म्हणावें असें. रॉजर्स यांच्या आठवणी छापल्या गेल्या त्याच 1889 सालीं डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन मिशनतर्फे हिंदुस्थानांत आले. प्रथम सांगली, मग मिरज. 1894 मध्यें मिरजेचें रुग्णालय उघडलें, 1897 मध्यें वैद्यकशाळा निघाली, पुढें महारोग्यांसाठीं आश्रयस्थान झालें. रेल्वेच्या या गांठीवर दूरदूरचे रोगी उतरूं लागले. वानलेसवाडी हें नांव सांगलीकरांच्या तोंडीं आजही आहे. त्यांच्या 1932 च्या आत्मवृत्ताचें नांव ‘ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया’. नायक कोण, तें नांवांतच ठरलें आहे.

काम म्हणून पाहिलें तर मिरजेपुढें क्लीव्हलँड स्ट्रीट उभें राहूं शकत नाहीं. दारिद्र्य हा येथें अपराध नव्हता. दारांत कोणी लाज विकत मागत नव्हतें. मग चटका लावणारें पुस्तक रॉजर्स यांच्याच हातून कां व्हावें? आमच्या मतें याचें कारण कायद्यांत आहे. वर्कहाऊस कितीही क्रूर असो, तें करदात्यांच्या पैशांवर व कायद्याच्या आधारानें चाले. म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार करावयास पत्ता होता. धर्मादायास तो नसतो. फुकट मिळालेल्या औषधाविरुद्ध कुरकुर करणारा कृतघ्न ठरतो, आणि कृतघ्न ठरण्याच्या भीतीनें गरीब माणूस गप्प बसतो.

आमच्याकडील लोक स्वभावानेंच मुके, हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. 1876–77 च्या दुष्काळांत साताऱ्याचा पूर्वभाग होरपळला. सर रिचर्ड टेंपल यांच्या नांवानें ओळखला जाणारा, दिवसास एक रत्तल धान्याचा हिशेब मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवर लागू होतांच हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू लेखी मांडली. तेथें सरकारचा नियम होता, म्हणून वाद घालतां आला, आणि वाद झाला म्हणून भुकेची नोंद राहिली.

मिरजेच्या रोग्याची तशी नोंद आम्हांस हवी आहे. माण-खटावाहून त्यास आणण्यास गाडीभाडें कोणी उसनें दिलें? शेजारच्या खाटेवर कोणत्या जातीचा माणूस होता, आणि पहिल्या रात्रीं दोघे एकमेकांशीं काय बोलले? त्या काळीं रोग्याबरोबर घरचें माणूस येई व आवारांत तीन दगडांची चूल मांडून भाकरी भाजी. वर्कहाऊसमध्यें कायद्यानें ज्याची ताटातूट केली, तें कुटुंब येथें धुरांत डोळे चोळीत बसलें होतें. पुढील गौरवग्रंथाच्या संपादकांनीं कोनशिलेचें छायाचित्र खुशाल छापावें. पण त्या चुलीपाशीं बसलेल्या कोणा आजीची नातवंडें अजून सांगलीकडे असतील, त्यांच्याकडून दोन पानें आधीं लिहवून घ्यावींत.