मराठी साहित्यातील नदीचा मासा

इंग्रजी वाङ्मयात नदीवरील मासेमारी हा एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊन बसला आहे. आयझॅक वॉल्टनचा ह्या विषयावरील विख्यात ग्रंथ 1653 साली प्रसिद्ध झाला. उन्हाळा सरता सरता उतरलेले पाणी, त्यात सावध झालेला ट्राउट आणि समुद्र सोडून आपल्या जन्मनदीकडे परतणारा सॅमन ही चित्रे त्या वाङ्मयाच्या वाचकास चिरपरिचित आहेत. मराठीत असा ग्रंथ का निपजला नाही, असे विचारले की आमच्याकडे ट्राउट आणि सॅमन नाहीत, असे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. इंग्रजांनी तो काश्मिरात आणि निलगिरीवर आणून सोडला. विदर्भाच्या तापलेल्या पाण्यात तो तगणार नाही. परंतु सॅमनच्या कथेचे जे मर्म, ते मात्र आमच्या ओढ्यानाल्यांत दरसाल घडत आले आहे.

वर्धा-नागपूर लोहमार्गावरील सिंदी हे गाव घ्या. सॅमनच्या देशात जेव्हा उन्हाळा सरत असतो, तेव्हा सिंदीस तान्ह्या पोळ्याची गर्दी असते आणि नद्या भरून वाहत असतात. आमच्या उन्हाळ्याची अखेर म्हणजे रोहिणी सरून मृग लागण्याचा काळ. त्या वेळी बोर, धाम, वेणा ह्या जिल्ह्यातील नद्यांची धार क्षीण होते व मासे उरल्यासुरल्या डोहांत कोंडले जातात. मग पहिला पाऊस पडतो, गढूळ पाण्याचा लोट येतो, आणि पोटात अंडी घेतलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने उथळ पाण्याकडे निघतात. ह्यांसच चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वळगणीचे. सॅमनप्रमाणे ते समुद्रातून येत नाहीत, त्यांची वाटही तितकी लांबीची नसते. पण पुढील पिढीसाठी पाण्याशी झुंजणे तेच. आणि नेमका ह्याच वेळी मासा धरावयास सर्वांत सोपा असतो. माणसाची आजची भूक आणि नदीचे उद्याचे धन ह्यांची गाठ येथे पडते. ह्याहून नाट्यमय विषय साहित्यास कोणता हवा?

तरीही आमच्या साहित्यात मासा आला तो बहुधा दृष्टान्त होऊन. संतकवींची मासोळी पाण्यावाचून तळमळते, ती भक्ताची तळमळ सांगण्यासाठी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ही म्हण माणसांच्या व्यवहाराविषयी आहे. मत्स्यन्याय हा राज्यशास्त्राचा शब्द आहे. दृष्टान्त म्हणून हे सर्व उत्तम. परंतु ह्यांतील मासा कोणत्या जातीचा, तो कोणत्या पाण्यात राहतो व कधी चढतो, हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

ह्या भूमीत तसे ज्ञान नव्हते असे मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांस घालावयाचे खाद्य आणि गळाने त्यांस धरण्याची रीत ह्यांचे त्यात वर्णन आहे. वॉल्टनपूर्वी पाचशे वर्षे असे लिहिले गेले, ह्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण शीर्षकातील 'विनोद' हा शब्द विसरून चालणार नाही. तो राजाचा विनोद आहे. ज्याचे पोट नदीवर चालते, त्या माणसाची दृष्टी त्यात शोधणे व्यर्थ होय.

पुढे परकीयांनी लक्ष घातले. कर्नल साइक्स ह्यांनी 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि येथील लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नामावलीत घातली. खुदरी, कोळस, शिंगटी हे शब्द आज जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या लॅटिनमध्ये नांदत आहेत; आमच्या कादंबरीत त्यांस अद्याप जागा नाही! हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांनी 1873 साली भारतातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहून महसीर हा झुंजीत सॅमनलाही मागे टाकतो, असा निर्वाळा दिला. त्यांचे निरीक्षण सूक्ष्म, लेखन रसाळ. परंतु तेही फावल्या वेळेचेच वाङ्मय.

मराठीत ह्या वाटेने मनःपूर्वक गेले ते मारुती चितमपल्ली (1932–2025). 'नवेगावबांधचे दिवस' लिहिणाऱ्या ह्या वनाधिकाऱ्याने रानातल्या व पाण्याकाठच्या माणसांची बोली कान देऊन ऐकली आणि तिला ग्रंथात मान दिला. ह्याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे. तथापि ते तळे होते. वर्धेच्या खोऱ्यातील नदी अजून आपल्या लेखकाची वाट पाहत आहे.

तो लेखक आला तर त्याची परीक्षा कशी करावी? आमच्या मते वर्णनाचे लालित्य ही कसोटी दुय्यम होय. पहिली कसोटी ही, की त्यास माशाचा काळ ठाऊक आहे काय. दुसरी ही, की चढणीचा मासा धरणाऱ्या ढिवरास दोष देताना, बोर आणि धाम ह्यांवर उभ्या असलेल्या धरणांच्या भिंतीही त्यास दिसतात काय. नदीत विष वा सुरुंग वापरून मासे मारण्यास 1897 च्या कायद्यानेच बंदी केली. भिंतीपाशी अडलेल्या माशाचा विचार त्या कायद्यात नाही. तिसरी कसोटी भाषेची. डोहाची, जाळ्याची, पाण्याच्या रंगांची जी नावे ढिवर-भोयांच्या घरांत आहेत, ती कोशांतून नव्हे, त्यांच्या तोंडून घ्यावी लागतील. आणि असा ग्रंथ त्या घरातूनच यावा, हे सर्वांत उत्तम. मासे उणे झाले की त्यांची नावेही ओठांवरून उतरतात. साहित्याने विलंब लावला, तर जतन करण्याजोगे शब्द उरणार नाहीत, आणि मग खरोखरच मासा केवळ दृष्टान्तापुरता राहील.